जिना आतून की बाहेरून

विमला: लागला फोन?

मालन: लागला. दोघांनाही लागला.

विमला: मग?

मालन: दादा म्हणाले, नंदूला सांग. नंदू म्हणाला, दादाला सांग.

विमला: आणि आईंना खाली कोण उतरवणार?

मालन: ते कोणी बोललंच नाही, वैनी. मी दादांना नीट सांगितलं. म्हटलं, तुमची आई सकाळी शिडीनं वरच्या मजल्यावर गेली, वर जाऊन शिडी पायानं ढकलून दिली, आणि जिना झाल्याशिवाय उतरणार नाही म्हणते. तर पहिला प्रश्न काय, नंदूनं चढवलं असणार तिला.

विमला: आणि तुझा नवरा?

मालन: त्याला मशीन बंद करून सुपरवायझरच्या केबिनमध्ये यावं लागलं. मला वाटलं, घाबरला असेल. म्हणतो, दादानं हॉलच्या छताला भोक ठेवलंय ना जिन्यासाठी, त्यातून उतरव म्हणावं.

शेवंती: गो सुनांनो, काय म्हणता माझो मोठो?

विमला: काही नाही, आई. ऑफिसात मीटिंग आहे त्यांची.

शेवंती: आसतली. घरात जिनो नाय, आणि हापिसात मिटिंगो. आणि धाकटो?

मालन: नंदूची मशीन चालू आहे, आई.

शेवंती: घोवाचा नाव घेतंस तां घे, पण मोठ्यान घे. वर नीट ऐकाक येना नाय.

विमला: आई, तुम्ही त्या दारात बसू नका हो. पाय बाहेर सोडून बसलात, मला खालून बघवत नाही. नुसतं दार आहे ते. पुढं काही नाही.

शेवंती: माका काय सांगतंस? माझ्याच झिलान केल्यान हां दार. हवेत.

मालन: मिस्त्री कुठं गेला, वैनी?

विमला: टपरीवर. शिडी उचलून परत लावायला गेला, तर आईंनी वरून विटेचा तुकडा टाकला. बरोबर त्याच्या पायापाशी. तेव्हा लवू मिस्त्री म्हणाले, आईच्या वयाच्या बाईशी मी भांडत नाही, तुमचं ठरलं की हाक मारा.

मालन: त्याला कसली घाई? आपलं ठरत नाही म्हणून तर त्याचं इथं दिवाळीच्या आधीपासून चाललंय. दादा म्हणाले आतून, तो म्हणाला हो. नंदू म्हणाला बाहेरून, तो म्हणाला हो. त्याला उद्या कोणी सांगितलं ना, जिना विहिरीतून काढ, तरी हो म्हणेल आणि चहा मागवेल.

विमला: माझ्या डोक्यात पहिली तारीख फिरतेय. कुर्ल्याची खोली सोडायची. ती घेणारा माणूस काल येऊन गेला. त्याचं कपाट कुठं राहणार ते खडूनं जमिनीवर आखून गेलाय. काल मी त्याच्या कपाटात बसून भाजी निवडली.

मालन: इथं यायचं आणि झोपायचं कुठं? खाली तुम्ही. वर आम्ही म्हणजे शिडीनं. रात्री लघवीला उठायचं तर नंदूनं शिडी धरायची.

विमला: इथली शेजारची कुंदा परवा विचारत होती, तुमच्या वरच्या दाराला बेल बसवणार का. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, कावळे वाजवतील ना.

मालन: बोलणारच. मुलुंडभर आपलं एकच घर असेल, छताला भोक आहे आणि भिंतीला दार आहे, आणि दोन्हींच्या खाली पायरी नाही. कॉन्ट्रॅक्टरला दिलं असतं काम तर आज आत राहत असतो आपण.

विमला: कॉन्ट्रॅक्टर चोर असतो.

मालन: दादांचं वाक्य.

विमला: पाठ झालंय मला. झोपेत पण म्हणतात. मी एकदा म्हटलं, अहो, चोर तर चोर, जिना बांधून मग चोरी करेल ना. तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत माझ्याशी.

मालन: दादांचं निदान एक आहे, खुर्ची टाकून छत्री उघडून बसतात. नंदूला बसवत नाही. अंधेरीला कुठला तरी जुना बंगला पाडत होते, तिथून खिडक्या उचलून आणल्या. सागवानी आहेत, सागवानी आहेत. आता सागवानी असून काय, एक खिडकी दुसरीसारखी नाही. भिंती खिडक्यांच्या मापानं बांधल्या. आमच्या मोरीला जी खिडकी आहे ना, ती बघून मला वाटतं, त्या बंगल्यात तिच्यात बसून कोणी पियानो वाजवत असेल.

विमला: तुझ्या मोरीत निदान उजेड तरी येतो. माझ्या संडासाचं दार आत उघडतं आणि भांड्याला आपटतं. आत गेलं की दार लावायला आधी भांड्यावर चढायचं. ह्यांना दाखवलं. ह्यांनी काय केलं? ती लेव्हल काढली, पाण्याच्या बुडबुड्याची. दारावर ठेवली. म्हणाले, दार अगदी सरळ आहे.

मालन: ती लेव्हल मिस्त्रीच्या डब्यावर पण ठेवली होती एकदा.

विमला: भिंत बघताना हातात होती, कुठं ठेवायची म्हणून ठेवली, असं म्हणतात हे. पण बुडबुडा कुठंय ते बघितलं त्यांनी. मी बघितलं त्यांना बघताना.

शेवंती: आणि सिमिटाचा सांगा गो. कित्याक लपवतात?

मालन: सिमेंटचं नको, आई.

शेवंती: परमिटासाठी दोघे भाऊ लायनीत उभे रवले. वेगवेगळ्या. दोघांकय गावला. एकान दुसऱ्याक सांगूक नाय. मगे पावसात अर्ध्या गोणी दगड झाल्यो. मी तेच्यावर बसान पापड लाटलंय.

विमला: तरी दिवाळीला मला वाटलं होतं, मिटलं.

मालन: दिवाळीचं तर नावच काढू नका. त्यानंच वाट लागली.

विमला: फराळाला बसले होते दोघं. बोलले पण चांगले. लहानपणीचं काढलं काय काय. चकलीवरून हसले. ह्यांनी मनाशी ठरवलं, जाऊ दे, धाकटा आहे, त्याच्या मनासारखं होऊ दे. सकाळी उठून मिस्त्रीला सांगून आले, जिना बाहेरून घे.

मालन: आणि नंदूनं मनाशी ठरवलं, दादा मोठा आहे, बापाच्या जागी आहे. तो दुपारी येऊन सांगून गेला, जिना आतून घे.

विमला: मिस्त्री दोघांना हो म्हणाला.

मालन: आणि दोन्हीकडं तीन-तीन पायऱ्या लावून मोकळा झाला. संध्याकाळी दोघं आले. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. दादा म्हणतात, मी मोठेपणा घेतला तर हा माझ्यापेक्षा मोठेपणा दाखवतो. नंदू म्हणतो, मी एकदा वाकलो, तेवढंपण ह्याला बघवलं नाही. दोघांनी आपापल्या पायऱ्या तोडायला लावल्या. तेव्हापासून बोलणं बंद.

विमला: तोडायलाही हो म्हणाला मिस्त्री.

शेवंती: झाला तुमचा? आता माझा ऐका. माका भूक लागली हा.

विमला: मग उतरा ना, आई. शिडी लावते. वरणभात आहे डब्यात.

शेवंती: दोरीन वर पाठव.

मालन: किती वेळ बसणार असं? तिथं पाणी नाही. मोरी आहे, नळ नाही.

शेवंती: तुमचे सासरे गिरणीच्या गेटावर बसायचे तेवा थय खंय नळ होतो? मागणी मान्य झाली काय उठायचे. माझी पण एक मागणी आसा.

विमला: काय मागणी?

शेवंती: आधी मी इचारतंय. मालन, तुका जिनो खंयसून व्हयो?

मालन: मला काय विचारता, आई? ते दोघं ठरवतील.

शेवंती: दोघांनी ठरवल्यानी तां दिसता माका. मी तेच्यातच बसलंय. रात्रीचा घोवाच्या कानात काय सांगतंस तां आता मोठ्यान सांग.

मालन: बाहेरून.

शेवंती: कित्याक?

मालन: आतून असला तर कामावरून आलं की रोज खालच्या हॉलमधून जायचं. दादा आरामखुर्चीत. मालन, आज उशीर झाला? एक्स्चेंजमध्ये ओव्हरटाइम होता का? पिशवीत काय आहे? माझी माहेरची माणसं आली तरी आधी खाली हजेरी देऊन मग वर येणार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांना हॅलो म्हणते मी. घरी येऊन मला गप्प वर जायचंय.

विमला: हजेरी मी घेते का तुझी?

मालन: तुम्ही नाही, वैनी. पण तुम्ही असता ना तिथं.

शेवंती: विमला, आता तू.

विमला: माझं काय? मी घरातली मोठी सून. घर एक राहिलं पाहिजे, दुसरं काय म्हणणार मी?

शेवंती: तां तुझ्या घोवाचा, चंद्रप्रकाशाचा झाला. तुझा सांग.

विमला: आई, कशाला उगीच.

शेवंती: मगे मी हयच बसतंय.

विमला: बाहेरून.

मालन: काय?

विमला: बाहेरून म्हटलं.

मालन: तुम्हाला बाहेरून पाहिजे?

विमला: पहिल्या दिवसापासून.

मालन: आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? मी इतके महिने तुमच्याकडं बघून गप्प बसले, वैनी. नंदूला रात्री समजावत होते, बाबा, हट्ट सोड, वैनींना काय वाटेल. जिना वेगळा केला की वैनींना वाटेल आपण तोडून निघालो.

विमला: मला काय वाटतं ते तू पण कधी विचारलं नाहीस.

मालन: विचारायचं काय त्यात? तुम्ही कधी कशाला नाही म्हटलंय?

विमला: तेच. कुर्ल्याच्या त्या खोलीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून दाराला आतून कडी लागलेली बघितली नाही मी. तू लग्न होऊन आलीस, आम्ही दोघं पोटमाळ्यावर गेलो. तुझं बाळंतपण झालं, मी स्वयंपाकाच्या ओट्याखाली झोपले. रात्रपाळीवरून नंदूभावजी यायचे ते माझ्या पायावरून जायचे. गावाहून कोणी आलं, चहा मी टाकणार. तुझ्या माहेरचं कोणी आलं, चहा मी टाकणार. आता आतून जिना झाला तर वर जाणारा येणारा प्रत्येक माणूस माझ्या हॉलमधून जाईल, आणि जाताना म्हणेल, वैनी, चहा टाकताय का? मला दार लावून बसायचंय, मालन. एकदा. माझंच घर म्हणून.

मालन: म्हणजे आम्ही नको झालो तुम्हाला.

विमला: तुला पण आम्ही नकोच झालोत की. आत्ताच सांगितलंस.

मालन: ते वेगळं.

विमला: वेगळं कसं?

मालन: मी धाकटी आहे. धाकटे निघतातच बाहेर. तुम्ही मोठ्या. तुम्ही थांबा म्हणायचं असतं.

विमला: मी थांबा म्हणायचं, तू निघायचं, आणि जग मला चांगली म्हणणार. छान वाटणी आहे.

मालन: माझ्या मनात तसं नव्हतं.

विमला: डोळे पूस आधी. मिस्त्री बघतोय टपरीवरून.

शेवंती: झाला तुमचा? की आता तुमच्यासाठी पण येक भोक आणि येक दार पाडूचा?

विमला: आई, तुम्हाला हसू येतंय?

शेवंती: रडान काय करू? दोघीक एकच जिनो व्हयो, आणि दोघी एकमेकीक भियान गप. झील तर झील, तुम्ही पण तशेच.

मालन: पण आई, खरं सांगू? ते दोघं तुमच्यासाठीच भांडतायत. दादा म्हणतात, जिना आतून पाहिजे, म्हणजे आईला दोन्हीकडं फिरता येईल, भिजायला नको. नंदू म्हणतो, आतला जिना वळणाचा होईल, आईचा पाय घसरेल, बाहेरून सरळ आणि रुंद घ्यायचा.

शेवंती: माका ठाव आसा. माझ्यासाठी. सगळा माझ्यासाठीच चल्ला हा.

विमला: मग?

शेवंती: मगे माका कोणी इचारूक नाय.

मालन: आता विचारतो आम्ही. सांगा. तुमची मागणी काय?

शेवंती: माका वर रवाचा आसा. हय. या पुढच्या खोलीत. हयसून डोंगर दिसता, वारो येता. आणि जिनो भायरसून व्हयो.

विमला: तुम्हाला पण? गुडघ्यांचं काय? खाली राहिलात तर चढउतार नको, जेवण हाताशी, हे पण असतात.

शेवंती: हे आसतत म्हणानच. भजनाक निघालंय तर चंद्रप्रकाश, आई खंय? कधी येतलंस? कोणाबरोबर? शाल घेतलंस? तेचा काय चुकला नाय, चांगलो आसा. पण मी तेका न्हाण घातलंय गो. आता तो माझी हजेरी घेता. भायरसून जिनो आसलो तर मी गेलंय कधी, इलंय कधी, कोणाक कळाचा नाय. गुडघ्याचा म्हणशात तर सकाळी शिडीन चढलंय नाय?

मालन: वैनी, म्हणजे तिघींना एकच जिना हवा होता.

विमला: आणि दोघे पुरुष तो कुठं ठेवायचा म्हणून भांडत बसले.

शेवंती: मिस्त्रीक हाक मार. आजच पयली पायरी घालूक सांग. इचारल्यान तर सांग, मालकीण म्हणता.

विमला: हो म्हणेल तो. पण संध्याकाळी हे दोघं आले म्हणजे? पुन्हा तोडायला लावतील.

शेवंती: मी हयच आसय ना. पायरी माझ्यापर्यंत येय पर्यंत मी उतराचंय नाय. तोडतत काय बघूया. आणि दोघांक सांग, हापिसाचे कपडे काढा आणि विटो वाहा. एकान खालसून देवची, दुसऱ्यान घेवची. मिस्त्रीचो माणूस नको.

मालन: दादा विटा वाहतील?

शेवंती: आईक खाली उतरवूची आसा तर वाहतलो. नाय तर मुलुंडभर होतला, चंद्रप्रकाश सावंताची आई स्लॅबवर ऱ्हवता. जा, मिस्त्रीक बोलव. आणि विमला, दोरी आण. वरणभात गार झालो आसतलो.

(तीन आठवड्यांनंतर. वरच्या मजल्याच्या दाराशी, संध्याकाळी.)

मालन: कोण?

विमला: मी.

मालन: वैनी, दार उघडंच आहे. वाजवलंत कशाला?

विमला: दार आहे म्हणून वाजवलं.

मालन: शेवटच्या पायरीला ठेच लागली ना? आवाज आला.

विमला: सगळ्यांनाच लागते. ह्यांनी माप घेतलं लादी बसायच्या आधी. बाकीच्या पायऱ्या एकसारख्या, ही एकटी दीड पायरीएवढी. मी दाखवली तर लेव्हल ठेवून म्हणाले, सपाट आहे.

मालन: नंदू म्हणतो, ती मुद्दाम उंच ठेवलीय, पाणी आत येऊ नये म्हणून. काल त्याच्या कारखान्यातली माणसं आली होती. त्यांना सांगत होता, दादा आतला जिना म्हणून हटून बसला होता, पण मी वळवलं त्याला.

विमला: खाली हे लोकांना सांगतात, बाहेरच्या जिन्याची कल्पना माझी, धाकट्याला संसार स्वतंत्र पाहिजे, मोठ्यांनी समजून घ्यायचं असतं.

मालन: म्हणजे दोघंही जिंकले.

विमला: जिंकू देत. विटा वाहताना काय बोलले ते आठवतंय का?

मालन: घे. दे. धर. बोट संभाळ.

विमला: बोट संभाळ कोण म्हणालं?

मालन: दादा. मग नंदू जरा थांबला आणि हो म्हणाला. त्याच्यानंतर पुन्हा घे, दे.

विमला: एवढं पुष्कळ झालं. आई कुठंयत?

मालन: बाहेर गेल्यात. विचारलं, कुठं? तर म्हणाल्या, जिना कशासाठी बांधला?

विमला: बरं.

मालन: तुम्हाला काही हवं होतं का? साखर, पीठ?

विमला: काही नको. हात हलवत आलेय. खाली पहिल्या दिवशी दाराला कडी लावून बसले मी. खूप बरं वाटलं. खरंच खूप. मग रात्री आमटी सगळ्यांना पुरेल एवढी झाली. हे पातेल्याकडं बघून म्हणाले, एवढी कोण खाणार? रोज होते. हाताला सवय आहे.

मालन: मग वर पाठवायची ना.

विमला: तू रागावली होतीस. भांडी घासताना ऐकू यायचं मला खाली.

मालन: रागावले होते. त्या दिवशी तुम्ही पटकन बाहेरून म्हणालात, ते लागलं मला. मीपण तेच म्हणाले होते, तरी लागलं. अजून लागतं.

विमला: लागू दे. मला पण लागलं होतं.

मालन: कडी लावायची सोडणार का मग?

विमला: नाही.

मालन: बरं केलंत. मी पण नाही सोडणार. उभ्या का अशा उंबऱ्यात? आता काय तुम्हाला पाहुण्यांसारखं या बसा म्हणू?

विमला: म्हण की. लग्न झाल्यापासून या घरात मला कोणी या बसा म्हटलेलं नाही.

मालन: या, वैनी. बसा. मी चहा टाकते.